जुन्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायचा का? आधी तपासा, मग पाना लावा

गाडी पंधरा-सतरा वर्षांची झाली, चिखलदऱ्याच्या घाटात दुसऱ्या गिअरवरही दम टाकायला लागली की परतवाडा असो, दारव्हा असो नाहीतर आर्वी, गॅरेजात ठरलेला सल्ला मिळतो. "त्या डब्ब्यानंच गाडी दबते भाऊ. काढून फेका, काई होत नाई." डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मिस्त्री लोकांच्या तोंडी कॅटकॉन.

सल्ला देणारा दर वेळी फसवतच असतो असं नाही. कन्व्हर्टर खरोखर तुंबलेला असेल तर तो निघाल्याबरोबर गाडी पळते. मालक खूश होतो, चार जणांना सांगतो आणि सल्ला पुढच्या गावी जातो. पण डबा तुंबलाय का, हे आधी कोणी पाहिलेलं नसतं. आणि ज्या दोषामुळे तो तुंबला, तो दोष इंजिनात तसाच बसलेला असतो.

माझं मत आधीच सांगतो. बऱ्याच गाड्यांत डब्याचा काही दोष नसतो. ज्यांत असतो त्यांत तो बदलावा, पोकळ करू नये. पण माझ्या शब्दावर जाऊ नका. खालच्या क्रमाने गाडी तपासा, म्हणजे तुमच्या गाडीपुरतं उत्तर तुम्हालाच सापडेल. इथे लिहिलंय ते मुख्यतः पेट्रोल गाड्यांबद्दल. डिझेलचं शेवटी थोडक्यात.

डबा करतो काय

स्टीलच्या कवचात चिनी मातीसारख्या पदार्थाची एक वीट असते, आरपार बारीक छिद्रांची. चौरस इंचाला साधारण ४०० छिद्रं. छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून आलेला धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनची ऑक्साइडं मोडून साधा नायट्रोजन सुटतो. डबा २५०-३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय हे काम सुरू होत नाही. एकदा तापला की चांगला डबा कार्बन मोनॉक्साइड ९० टक्क्यांहून जास्त खाऊन टाकतो.

हे साधायचं तर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण नीट लागतं: पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग, वजनाने. ते प्रमाण राखायला डब्याच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. आता गंमत पाहा. पेट्रोल किती सोडायचं हे ठरतं या पुढच्या सेन्सरच्या सांगण्यावरून, आणि डबा असतो त्याच्या मागे. म्हणून चांगला, मोकळा डबा काढला तर पेट्रोल कमी लागेल हा हिशेबच बसत नाही. "डबा काढल्यावर ॲव्हरेज दोनने वाढला" असं कोणी सांगत असेल तर त्याचा डबा तुंबलेला होता, किंवा त्याच वेळी प्लग आणि एअर फिल्टरही बदलले होते.

पायरी १: तुमच्या गाडीला तो आहे तरी का?

हसू नका, हा खरा प्रश्न आहे. १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो फक्त दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत. बाकी देशात तेव्हा पंपावर शिसं मिसळलेलं पेट्रोल सर्रास मिळायचं आणि शिशाने डबा काही टाक्यांतच मरतो. देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं १ फेब्रुवारी २००० ला. त्यामुळे १९९७ साली अमरावतीत नोंदलेल्या कार्बोरेटरवाल्या गाडीला डबा मुळातच नसू शकतो. तीच गाडी मुंबई पासिंगची असेल तर तो कंपनीतूनच आलेला असणार.

पुढची वर्षंही लक्षात ठेवा, ती पीयूसीच्या वेळी लागतात. बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाड्यांच्या धुराच्या मर्यादांचे सरकारी टप्पे. बीएस २ देशभर लागू झालं एप्रिल २००५ मध्ये, बीएस ३ एप्रिल २०१० मध्ये, बीएस ४ एप्रिल २०१७ मध्ये आणि बीएस ६ एप्रिल २०२० मध्ये. एप्रिल २०१० मध्येच मात्र तेरा शहरांत बीएस ४ सुरू झालं होतं. त्यांत आपल्या राज्यातली मुंबई, पुणे आणि सोलापूर होती. विदर्भातलं एकही नाही. म्हणजे २०१२ ची यवतमाळची, एमएच २९ ची गाडी बीएस ३ असू शकते आणि त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची पुण्याहून आणलेली बीएस ४. इकडे पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्या खूप येतात, त्यामुळे आरसी बुक काढून नीट वाचा.

मग गाडीखाली पाहा. गाडी थंड हवी, जमीन सपाट हवी, चाकांना दगड लावलेले हवेत, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. इंजिनापासून मागे येणाऱ्या पाइपावर, सायलेन्सरच्या बरंच आधी, पत्र्याच्या आडोशात एक फुगीर डबा दिसतो. काही गाड्यांत तो खाली नसतोच, इंजिनाला चिकटून मॅनिफोल्डमध्येच असतो. पाइपावर ताजा वेल्ड दिसला, किंवा डब्याच्या जागी सरळ पाइप दिसला, तर आधीच्या मालकाने काम उरकून ठेवलंय असं समजा. डबा जागेवर आहे पण पोटावर चौकोनी कापून पुन्हा शिवलेली वेल्डची रेघ आहे, तर तो आतून रिकामा आहे.

पायरी २: कायदा काय म्हणतो

हा भाग कोणालाच आवडत नाही, पण निर्णय इथेच अर्धा होतो. कंपनीने बसवलेला प्रदूषण रोखणारा भाग काढणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ विरुद्धचा बदल आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगीविना गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. धुराची मर्यादा ओलांडली तर कलम १९०(२): पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. घाटंजीच्या रस्त्यावर कोण वाकून डबा बघणार, असं तुम्ही म्हणाल. रस्त्यावर सहसा कोणी बघत नाही, खरं आहे. पण पीयूसीची नळी बघते.

निष्क्रिय गतीवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, पेट्रोल मोटारींच्या मर्यादा अशा आहेत. बीएस २ च्या आधीच्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएम. बीएस २ आणि बीएस ३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम. बीएस ४ ला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम, आणि वर जास्त आरपीएमवरची वेगळी चाचणी. पहिल्या गटातली गाडी नीट ट्यून केलेली असेल तर डब्याविनाही ३ टक्क्यांच्या आत बसते. दुसऱ्या गटातली डबा काढल्यावर काठावर येते: इंजिन ठणठणीत असेल तर कधी पास, कधी नापास. तिसऱ्या गटातली बसत नाही. काही ठिकाणी नळी न घालताच कागद मिळतो हे मलाही माहीत आहे. त्या भरवशावर गाडीचा भाग कापू नये, एवढंच म्हणतो.

पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणीचं नूतनीकरण येतं, तेव्हा गाडी आरटीओत दाखवावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला ती आणखी जास्त आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी पाच वर्षं चालवायची असेल तर डब्याच्या खर्चाकडे त्याच हिशेबाने पाहा.

पायरी ३: तक्रार नेमकी कोणती?

"गाडी ओढत नाही" या एका वाक्यात दहा आजार मावतात. डबा तुंबला की इंजिनाला धूर बाहेर टाकता येत नाही. सुरुवातीला गाडी ठीक चालते, पण वेग वाढवायला गेलं की आरपीएमच वर जात नाही. पाय दाबाल तेवढा जड आवाज येतो, चढावर आणखी वाईट होतं, इंजिन जास्त तापतं. फार तुंबला तर गाडी सुरू होऊन काही सेकंदांत बंद पडते.

आता यासारखे दिसणारे दुसरे आजार बघा. आरपीएम चढतं पण गाडी पुढे जात नाही, तर क्लच प्लेट गेली. उतारावर न्यूट्रलमध्येही गाडी अडखळत थांबते, तर ब्रेक धरून बसलाय. चाकाच्या रिंगजवळ हात नेला की गरम लागेल. चढावर झटके खाते आणि सपाटीवर बरी चालते, तर फ्युएल फिल्टर किंवा पंप. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणीयंत्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर आधी एअर फिल्टर उघडा. भुसा आणि धूळ गच्च बसलेली सापडते. गोठ्याशेजारी महिनाभर पडून राहिलेल्या गाडीत फिल्टरच्या डब्यात उंदराचं घरटं निघणं ही काही विशेष गोष्ट नाही. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरं त्याला मानवत नाहीत, आणि टाकीत पाणी शिरलं तर ते इथेनॉल ओढून घेऊन तळाशी बसतं. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळी फटफट केलं तर संशय आधी तिथे घ्या.

सडक्या अंड्यासारखा वास डब्याशी जोडला जातो आणि तो संबंध खरा आहे. पण अर्थ बहुतेक वेळा इतकाच की इंजिनात पेट्रोल जास्त जातंय. डबा मेला असा नाही.

थोडक्यात, एअर फिल्टर, फ्युएल फिल्टर, प्लग आणि प्लगच्या वायरी या चार गोष्टी आधी पाहा. डब्याच्या तुलनेत त्या किरकोळ खर्चाच्या आहेत आणि अनेक गाड्या इथेच बऱ्या होतात.

पायरी ४: डबा तुंबलाय का, याची तपासणी

गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर मुठीने किंवा रबरी हातोडीने हलकेच ठोका. आतून खडखड आली तर वीट फुटली आहे. मात्र वरचा पत्रा सैल असला तरी तसाच आवाज येतो, म्हणून पत्रा हाताने दाबून धरून पुन्हा ठोका. पत्रा ढिला असेल तर एक क्लॅम्प लावायचा, विषय संपला.

मागच्या पाइपाशी हात धरून "धूर कमी येतो" असं ठरवण्यावर माझा विश्वास नाही. अगदी पूर्ण तुंबलेला सोडला तर हाताला फरक कळत नाही.

व्हॅक्यूम गेज मात्र कामाची वस्तू आहे. तालुक्याच्या जुन्या मिस्त्रीकडे, कार्बोरेटरच्या काळातली, कुठेतरी खोक्यात पडलेली असते. ती इनटेक मॅनिफोल्डच्या नळीला लावा. गरम, बऱ्या इंजिनावर निष्क्रिय गतीला काटा साधारण १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो. आता २,५०० आरपीएमवर नेऊन तिथेच धरून ठेवा. काटा एकदा खाली येऊन परत मूळ जागेच्या आसपास गेला पाहिजे. धरून ठेवलेला असताना तो हळूहळू खाली सरकत राहिला, तर धूर मागे कुठेतरी अडतोय.

सगळ्यात नेमकी चाचणी दाबाची. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्याच्या जागी कमी दाब मोजणारं गेज लावायचं. निष्क्रिय गतीला साधारण दीड पीएसआयच्या आत आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत असेल तर डबा मोकळा आहे, पुढे वाद नको. त्याहून बराच जास्त असेल तर अडथळा आहे. मात्र तो डब्यातच आहे असं अजूनही ठरत नाही, कारण मागच्या सायलेन्सरच्या आतल्या जाळ्या गंजून कोसळल्या तरी हेच आकडे दिसतात. म्हणून डब्याच्या मागचा, सायलेन्सरकडचा जोड सैल करून पुन्हा मोजा. दाब उतरला तर दोष सायलेन्सरचा, आणि तो डब्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतो. गेज नसेल तर सेन्सर नुसता काढून गाडी उभ्या-उभ्या मिनिटभर चालवून बघतात. आवाज कर्कश येतो, पण आरपीएम एकदम मोकळं चढायला लागलं तर अडथळा नक्की. त्या भोकातून येणारा धूर जाळणारा असतो, तेव्हा जवळच्या वायरी बाजूला बांधा आणि हे उघड्यावर करा, शेडमध्ये नाही.

लांबून तापमान सांगणारी पिस्तूल सगळ्यांनी कोविडच्या काळात पाहिली. ती कपाळाची, चाळिशीच्या पुढे दोन-चार अंशांवर तिची मजल संपते. इथे औद्योगिक लागते. गाडी वीसेक मिनिटं चालवून आल्यावर डब्याच्या पुढचा आणि मागचा पाइप मोजा. काम करणाऱ्या डब्याचं मागचं तोंड पुढच्याइतकंच किंवा थोडं जास्त तापलेलं असतं. पुढचं फार गरम आणि मागचं बरंच थंड, तर धूर पुढे सरकत नाही. चकचकीत स्टीलवर ही पिस्तूल चुकीचा आकडा देते, म्हणून काजळीच्या किंवा गंजलेल्या जागी नेम धरा.

ओबीडीवाल्या, म्हणजे स्वतःचे दोष ओळखून कोड देणाऱ्या गाड्यांत, बीएस ४ च्या २०१३ नंतरच्या, डब्याच्या मागे दुसरा सेन्सर असतो आणि स्कॅनर पी०४२० असा कोड दाखवतो. या कोडचा अर्थ डबा काम कमी करतोय इतकाच. तो तुंबलाय असा नाही. कधी पाइपाला गळती असली किंवा मागचा सेन्सर म्हातारा झाला तरी हा कोड येतो. कोड बघून डबा काढणाऱ्या गॅरेजात दुसऱ्यांदा जाऊ नका.

पायरी ५: तो मेला कशाने?

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी हीच गाळली जाते. डबा सहसा स्वतःहून मरत नाही, त्याला कोणीतरी मारतं. ते कोण हे न शोधता नवा बसवलात तर तोही जातो.

पहिला संशयित मिसिंग. एका सिलिंडरचा प्लग किंवा कॉइल काम करत नसेल तर त्याचं पेट्रोल न जळता सरळ डब्यात जातं आणि तिथे पेटतं. आतली वीट १,४०० अंशांच्या आसपास वितळते. तिथवर पोचायला वेळ लागत नाही. रात्री गाडीखाली लालबुंद डबा दिसला की समजायचं हेच चाललंय. मिसिंग मारणारी गाडी "जाऊ दे, आठवड्याच्या बाजारापर्यंत नेतो" म्हणून रेटणं महागात पडतं. धक्का स्टार्टचाही दोष यातच येतो: इंजिन पेटत नसताना आत गेलेलं पेट्रोल डब्यातच साचतं. गाड्यांच्या पुस्तिकेत याची सूचना असते, पण पुस्तिका कोण वाचतो.

दुसरा, ऑइल खाणारं इंजिन. निळसर धूर, दर महिन्याला ऑइल भरावं लागणं ही खूण. ऑइलमधला फॉस्फरस छिद्रांच्या भिंतींवर बसून धातूंचं काम बंद पाडतो. हेड गॅस्केट फुटून कूलंट आत जात असेल तरी तीच गत. अशा इंजिनाला नवा डबा म्हणजे पाण्यात पैसे.

तिसरा, ऑक्सिजन सेन्सर. तो म्हातारा झाला की सुस्त होतो आणि पेट्रोल गरजेपेक्षा जास्त सोडलं जातं. ॲव्हरेज पडला, प्लग काळे झाले, मागच्या पाइपाच्या तोंडाशी काळी काजळी आली, तर त्याची तपासणी करा. जुन्या पद्धतीच्या एलपीजी किटच्या गाड्यांत बॅकफायरचा फटकाही विटेला बसतो.

आणि आपल्याकडचा खास मारेकरी म्हणजे वाट. धुऱ्यावरून, पांदण रस्त्याने गाडी नेताना दगड डब्याला लागतो. तापलेल्या डब्यासकट गाडी नाल्याच्या पाण्यात उतरली की आतली वीट तडकते. कवचावर पोचा दिसत असेल तर बाकी शोध करायची फारशी गरज नाही.

पायरी ६: आता निर्णय

डबा मोकळा निघाला तर त्याला हात लावू नका, मग कोणी कितीही ॲव्हरेज सांगो. चांगला डबा काढून ताकद वाढते ती इतकी थोडी की गावाच्या रस्त्यावर जाणवत नाही. जाणवतो तो आवाज.

वीट फुटून खडखडतेय पण गाडी चालतेय, तर बदलायला उशीर करू नका. तुकडे सरकून सायलेन्सरमध्ये जातात आणि मग दोन्ही बदलावे लागतात.

तुंबलेला किंवा वितळलेला असेल तर बदला. "लिक्विड टाकून साफ करू", "थिनरमध्ये बुडवू" या उपायांनी थोडी काजळी निघत असेल, वितळलेली वीट सरळ होत नाही. कंपनीचा अस्सल भाग काही मॉडेलना पाच आकडी रकमेत जातो. बाहेरचा स्वस्त पडतो, पण त्यात धातू किती हे कवच बघून कळत नाही. घ्यायचाच तर इंजिनाच्या सीसीला आणि बीएस टप्प्याला जुळणारा, पक्क्या बिलाचा आणि वॉरंटीचा घ्या. भंगारातून काढलेला जुना अस्सल डबा हा तिसरा रस्ता. त्याच्या आरपार उजेड धरून बघा, छिद्रं सलग दिसली पाहिजेत आणि कडा शाबूत.

पोकळ करून परत वेल्ड करणं, हा चौथा रस्ता गॅरेजवाला सुचवेल. बाहेरून डबा दिसतो, आत काही नाही. त्याने धूर उघडा होतो, पीयूसीचं वर सांगितलंच. आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. जुन्या गाडीच्या डिकीचं रबर कडक झालेलं असतं, फ्लोअरला गंजून भोकं पडलेली असतात, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लग्नाच्या मांडवाबाहेर एसी लावून, काचा बंद करून लेकरांना गाडीत झोपवणारे आपणच. ते कोणत्याही गाडीत करू नये, डबा असला तरी. डबा नसलेल्या जुन्या गाडीत तर तो जिवाशी खेळ आहे.

"फुकटात काढून देतो" म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: जुना डबा कोणाकडे राहणार? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम आहे. तुटलेल्या विटेतही आहे. भंगारवाले त्याला चांगला भाव देतात. बदलून घेतानाही जुना तुकडा मागून घ्या, तो तुमचा आहे, नव्याच्या किमतीतून वजा करून घ्या.

इंजिन ऑइल खातंय, फ्लोअर गंजलंय, नूतनीकरणही तोंडावर आलंय, तर डब्यावर पैसे घालण्याआधी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात देण्याचा विचार करा. तिथून जमा प्रमाणपत्र मिळतं आणि आरसी रीतसर रद्द होते. नुसती भंगारात विकलेली गाडी कागदावर तुमच्याच नावाने फिरत राहते.

पायरी ७: बसवून घेताना

इथे उभं राहा, चहाला जाऊ नका. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला लावा, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, जळू शकतो. डब्यावर बाण असतो, तो मागच्या सायलेन्सरच्या दिशेला. गॅस्केट नवंच. जुन्यावर सिलिकॉनचा लेप फासून काम भागवू देऊ नका, कारण सिलिकॉनची वाफ सेन्सर आणि डबा दोन्ही बिघडवते. सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला, बारीकशी गळती राहिली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला पेट्रोल कमी वाटतं, ईसीयू जास्त सोडतो आणि नवा डबा पुन्हा भाजून निघतो. म्हणून इंजिन थंड असताना सुरू करून, मागचं तोंड फडक्याने क्षणभर दाबून, प्रत्येक जोडाशी कान द्या. फुसफुस ऐकू आली तर पुन्हा आवळायला लावा.

आणि तो वरचा-खालचा पत्रा, जो मिस्त्री "आवाज करते" म्हणून फेकून देतो, तो परत बसवून घ्या. नेहमीच्या चालण्यातही डब्याच्या आत ४०० ते ६०० अंश तापमान असतं. शेतात वाळलेल्या गवतावर, पऱ्हाटीच्या ढिगाशेजारी किंवा सोयाबीनच्या कुटारावर गाडी लावली तर त्या पत्र्याशिवाय आग लागायला फार काही लागत नाही. पत्रा असला तरी कुटारावर गाडी लावू नकाच.

पीयूसीला जाताना गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून न्या. रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास बसलात तर डबा थंड होतो आणि चांगली गाडीही नापास होते. नंबर जवळ आला की सुरू करून थोडं चालू ठेवा. बीएस ३ पर्यंतच्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांची, बीएस ४ आणि पुढच्यांची वर्षभराची. नव्या डब्यानंतरच्या पहिल्या चाचणीचा कागद जपून ठेवा, त्यावरचे आकडे पुढच्या वेळी ताडून बघता येतात. कार्बन मोनॉक्साइड हळूहळू चढत असेल तर पायरी ५ मधला एखादा मारेकरी अजून इंजिनात आहे.

डिझेलवाल्यांसाठी

जुन्या बोलेरो, सुमो, इंडिकासारख्या गाड्यांना डबा असला तर तो वेगळ्या जातीचा, डिझेल ऑक्सिडेशनचा. त्यांच्या पीयूसीत धुराचा काळेपणा मोजतात आणि काळा धूर येतो तो एअर फिल्टर, इंजेक्टर, पंपाचं टायमिंग किंवा टर्बोच्या नळीतल्या गळतीमुळे. डबा काढून तो कमी होत नाही. पण तुंबल्याची शंका असेल तर दाबाची चाचणी तिथेही तशीच चालते. बीएस ६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ असतो, तो ठरावीक अंतराने स्वतःला तापवून साफ करतो. त्याच्या तक्रारी कंपनीच्या स्कॅनरशिवाय सुटत नाहीत, तेव्हा त्या गाडीवर गावच्या गॅरेजात पाना लावू देऊ नका.